बडोदे: आईला डॉक्टरांनी "हालचाल ठेवा" सांगितलंय, सुरुवात कशी करू?

दांडियाबाजारची लेक: आई ७२ वर्षांची. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. दिवाळीत न्हाणीघरात पाय घसरला. हाड वाचलं, पण तेव्हापासून ती जिना उतरत नाही. दिवसभर झोपाळ्यावर. डॉक्टर दर खेपेला "हालचाल ठेवा, आजी" म्हणतात आणि घरी आल्यावर ती म्हणते, "पोळ्या लाटते ना, तीच हालचाल." कमाटी बागेत नेऊ का?

रावपुरा४७: ताई, बाग नंतर. आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. एकदा पडलेल्या माणसाला नुसतं चालवून भागत नाही, मांड्यांत जोर हवा आणि तोलही. आमच्या बाबांना खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी दोनदा उठले, तिसऱ्यांदा हात टेकलाच. दीड महिन्यात दहावर आले. झोपाळ्यावरून मात्र हे नको, तो हलतो. भक्कम लाकडी खुर्ची, भिंतीला टेकवून. ओट्याला धरून टाचा वर-खाली करणं कुकर लावल्यावर जमतं.

फिजिओ_बडोदे: डॉक्टरांना थेट विचारा: किती वेळ, आठवड्यातून किती दिवस, काय टाळायचं? गोळ्यांसारखंच कागदावर लिहून मागा. लिहिलेलं असलं की घरची मोठी माणसं पाळतात, हे मी रोज बघते. जागतिक आरोग्य संघटना ६५ नंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, शिवाय २ दिवस ताकदीचे आणि ३ दिवस तोलाचे व्यायाम. आईंना आज हा आकडा सांगू नका, पाच मिनिटांनी सुरुवात होऊ दे. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. आणि बीपी बसून व उभं राहून, दोन्ही वेळा मोजून घ्या. गोळीमुळे उठल्यावर दाब उतरत असेल तर त्या पुन्हा पडतील. छातीत दुखलं की तिथेच थांबायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचे.

कमाटीबाग_सकाळ: पुढे बागेत न्याल तेव्हा ऊन चढायच्या आत. माझी सासू फुलांच्या घड्याळापर्यंत जाते, बाकावर टेकते, परत येते. चपला नाही, मागून बंद बूट. बरोबरीच्या दोघी भेटल्या तेव्हापासून तिला उठवावं लागत नाही.

दांडियाबाजारची लेक: सगळं आईला वाचून दाखवलं. फिजिओची वेळ शुक्रवारची मिळाली. आत्ता खुर्ची भिंतीला लावली, मी शेजारी उभी राहिले. एकदा उठली. हात टेकला नाही.