व्हायकिंग लुटून गेले म्हणे! मग शेतं कोणी नांगरली?

लेस्टरकर: "व्हायकिंग आले, लुटलं, जाळलं, गेले, इंग्लंड घडवलं अँग्लो-सॅक्सनांनी" ही कालची पोस्ट वाचून डोकंच फिरलं. गेले कुठे? ८६६ ला यॉर्क घेतलं, ८७६ ला व्हायकिंग सरदार हाफडननं उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रिया राज्याची जमीन आपल्या माणसांत वाटली आणि ती माणसं नांगराला लागली, हे खुद्द अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमध्ये, म्हणजे इंग्रजांच्याच जुन्या बखरीत आहे. यॉर्कला कॉपरगेटच्या उत्खननात चामड्याचे बूट, लाकडी वाट्या, हरणाच्या शिंगांचे कंगवे निघाले. लुटून पळणारा माणूस कंगवे करत बसतो का?

नाशिकचा वाचक: कंगवे दाखवून रक्त धुतलं जात नाही. ७९३ ला लिंडिसफार्नच्या मठात निःशस्त्र साधू मारले. ९९१ ला १०,००० पौंड खंडणी घेतली, तरी परत हजर!

लेस्टरकर: आणि १००२ ला इंग्लंडचा राजा एथेलरेडनं तिथल्या डेन (डेन्मार्ककडच्या) लोकांना मारायचा हुकूम काढला, ऑक्सफर्डला जीव वाचवायला चर्चमध्ये शिरलेल्यांवर चर्चच पेटवलं, ते नाही दिसत?

डिटेक्टरवाला: नॉरफोक, लिंकनशरच्या शेतांतून स्कँडिनेव्हियन, म्हणजे व्हायकिंगांच्या मुलखातल्या घडणीचे बायकांचे ब्रूच शेकड्यांनी निघालेत, म्हणजे बायकापण आल्या होत्या. ते शोधले आमच्यासारख्या मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांनी, पावसात चिखल तुडवत. मी एक नाणं रीतसर नोंदवायला गेलो तर नोंद घेणाऱ्या बाईंनी चोरासारखं बघितलं.

नाशिकचा वाचक: बघणारच! २०१५ ला लेमिन्स्टरजवळचा व्हायकिंग काळातला खजिना तुमच्याच लोकांनी दडवला ना? तीनशेच्या आसपास नाणी असावीत म्हणतात, हाती लागली तीसेक.

डिटेक्टरवाला: ते तुरुंगात गेले. त्यांच्यापायी सगळ्यांना शिव्या का?

लेस्टरकर: त्या चोरांचा राग मलाही आहे, कारण त्यातल्या काही नाण्यांवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा राजा केओलवुल्फ शेजारी शेजारी, बरोबरीनं बसलेत. आणि क्रॉनिकल त्याच केओलवुल्फला व्हायकिंगांच्या तालावर नाचणारा मूर्ख ठरवतं! शेवटी जिंकलेल्या आल्फ्रेडच्या घराण्याच्या बाजूनं लिहिलेलं किती डोळे मिटून मानायचं?

नाशिकचा वाचक: मग ८७६ च्या नांगराला तेच क्रॉनिकल कसं चालतं? सोयीचं तेवढं घेताय.

लेस्टरकर: शत्रूची बदनामी करणाराच जेव्हा "ते शेती करू लागले" लिहितो, तेव्हा ते जास्त वजनाचं धरायचं.

नाशिकचा वाचक: ठीक, वस्ती केली, मानलं. पण आधी जमीन हिसकावली हेही त्याच वाक्यात लिहा.

डिटेक्टरवाला: अँग्लो-सॅक्सनांनी तरी तिथे आधीपासून राहणाऱ्या ब्रिटन लोकांकडून विकत घेतली होती का?