जुनी सात सीटर घेताना तुम्ही काय काय बघितलंत?

सुरुवात मीच करतो. घरात माणसं सहा, हॅचबॅकमध्ये कोंबून जायचा कंटाळा आला म्हणून वापरलेली एसयूव्ही शोधायला लागलो आणि तीन महिन्यांत नऊ गाड्या बघितल्या. पहिली तर जवळपास घेतलीच होती, इंजिन आरशासारखं चकाचक, सहज बॉनेटखाली हात लावला तर गरम! म्हणजे पठ्ठ्याने आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी न सांगता सकाळी सकाळी गेलो, थंड इंजिनवर सेल्फ मारला तर निळा धूर, थांबायचं नावच नाही, ऑइल जळत होतं. आता फोनवरच सांगतो, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तुमचेही लिहा, फसलेले असाल तर ते आधी.

---

आमची गाडी चांगली होती हो, घेणारे आम्ही चुकलो. मुलांची शाळा, क्लास, ऑफिस, सगळ्या चार-पाच किलोमीटरच्या खेपा आणि घेतली डिझेल, का तर ॲव्हरेज. डीपीएफमधली (डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जळायला एक्झॉस्ट तापावा लागतो, एवढ्याशा अंतरात तो तापतच नाही, मग डॅशबोर्डवर दिवा, मग उगाच हायवेला जाऊन यायचं. नवरा म्हणतो, चल, गाडीला फिरवून आणू.

---

टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. मला दाखवलेल्या गाडीचं मीटर अगदी कमी, "टायरसुद्धा कंपनीचेच आहेत साहेब", आणि टायरची तारीख गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवीन. मग ब्रेक पेडलकडे बघितलं, रबर झिजून गुळगुळीत. मीटर मागे फिरवलेलं असणार, मी काही वाद घातला नाही, चहा नको म्हटलं आणि निघालो.

---

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. वरचा भाग सगळे पुसतात, आत गुंडाळलेला कोणी पुसत नाही. मी ओढला तर शेवटी मातीची रेघ, सीटच्या रुळांना गंज, गाडी पाण्यात बुडालेली. आत परफ्यूम इतका मारलेला की तेव्हाच शंका यायला हवी होती.

---

सासूबाईंना तिसऱ्या रांगेत बसवलं. गुडघे हनुवटीला. विषय संपला.

---

मीच परत. नववी घेतली. बंपरला ओरखडे, एक दार रंगवलेलं (मालकाने आपणहून सांगितलं), पण सगळी सर्व्हिस बिलं फाइलमध्ये लावलेली, मेकॅनिकने लिफ्टवर चढवून खालूनही बघितली. तिसरी रांग उघडली की मागे जेमतेम दोन बॅगा मावतात, हे मात्र घरी आणल्यावर कळलं. आता वर कॅरियर लावावं का ते कोणीतरी सांगा.