पकडीचे टन वाढले म्हणजे मासेमारी सुधारली का?

धागाकर्ता
समुद्री मासेमारीत कोणता देश पुढे, हे आपण वार्षिक टनांवरून ठरवतो आणि माझ्या मते तिथेच गल्लत होते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाची पकड १९६८ साली आठ लाख टनांवर गेली, तेव्हा आकड्यांत ती भरभराटच दिसत होती. प्रत्यक्षात परदेशी ट्रॉलर (जाळे ओढत नेणारी मासेमारी जहाजे) तिथला माशांचा साठा उपसत होते. अखेर २ जुलै १९९२ रोजी कॅनडाला व्यापारी पकड बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. जगाची समुद्री पकड तीन दशकांहून अधिक काळ ८ कोटी टनांच्या आसपास आहे, पण शाश्वत पातळीवर, म्हणजे साठा टिकून राहील इतकेच, पकडल्या जाणाऱ्या साठ्यांचे प्रमाण १९७४ मधील ९० टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६२ टक्क्यांवर आले. टनांवर आधारलेली क्रमवारी बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १
असहमत. जपानचे मत्स्योत्पादन १९८४ साली सुमारे १.२८ कोटी टन होते, आज ते ४० लाखांच्याही खाली आहे. त्यामागे अतिमासेमारी आहेच. परंतु इतर देशांनी आपल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांची मासेमारीची हद्द लागू केल्याने दूरचे समुद्र बंद झाले आणि तारलीसारख्या सार्डिनचा साठा नैसर्गिक चढउतारातही घटला. एवढा मोठा बदल टनांमुळेच तर लक्षात आला. आकडा टाकून न देता त्याची कारणे शोधायला हवीत.

प्रतिसाद २
पेरूचे काय? मांदेलीच्या जातकुळीतला अँचोव्हेटा १९७० साली १.२ कोटी टनांच्या घरात पकडला गेला आणि एल निन्योनंतर (प्रशांत महासागराचे पाणी तापण्याची घटना), १९७३ मध्ये, पकड २० लाख टनांच्या आसपास कोसळली. शिवाय हा बहुतेक मासा फिशमीलसाठी (पशुखाद्यात वापरायची माशांची भुकटी) जातो, माणसाच्या ताटात नाही. तरीही २०२३ मध्ये कोवळी मासळी जास्त आढळताच पेरूने उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा पहिला हंगाम रद्द केला. त्या वर्षाचा घसरलेला आकडा मला जबाबदारीचा वाटतो, आणि क्रमवारीत मात्र तो अपयश म्हणून नोंदला जातो.

धागाकर्ता
म्हणूनच टनांशेजारी साठ्याची स्वतंत्र पाहणी छापलीच पाहिजे. केवळ दर ट्रॉलरमागे किती मासा मिळाला हे पाहणे पुरत नाही, कारण उरलेला कॉड दाटीने एकत्र आल्याने १९८० च्या दशकात मोठ्या ट्रॉलरना भरपूर मासा मिळत राहिला, तर किनाऱ्यालगतचे छोटे मच्छीमार मासळी घटल्याचे सांगत होते. कॅनडाने २०२४ मध्ये कॉडवरची १९९२ ची बंदी उठवली, तेव्हा परवानगी दिली ती फक्त १८,००० टनांची.