समुद्राकाठच्या घरात चार दिवस: पोराबाळांना घेऊन काय काय करता?

मागच्या वर्षी समुद्रालगतचं एक छोटं घर चार दिवसांसाठी घेतलं होतं. मी हौसेने तासातासाचा तक्ता करून नेला. पहिल्याच दिवशी 'सकाळी दहा: वाळूचे किल्ले' या रकान्याला वाळूच नव्हती, पाणी थेट पायऱ्यांना लागलेलं. धाकटा बादली मांडीवर घेऊन बसला आणि दर पाच मिनिटांनी विचारत राहिला, "आई, वाळू कधी उघडणार?" यंदा पुन्हा जायचंय, सोबत सासूबाईही आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. तुमचे अनुभव लिहा, फसलेले बेत तर आधी लिहा.

*

'वाळू कधी उघडणार' हे आमच्या घरात चालू करणार आता!

आम्ही भरती-ओहोटीच्या वेळा लिहून दाराला चिकटवतो आणि बाकी सगळं त्यावर बेततो. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे आजची ओहोटी उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा. पहिल्या दिवशी आठला मिळालेली वाळू चौथ्या दिवशी साडेदहाला. खडकांमधली डबकी बघायची असतील तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जा. तेव्हा पाणी खूप आत जातं, पण वरही तितकंच चढतं, हे विसरू नका. ओहोटी पुरी होण्याच्या तासभर आधी उतरायचं आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं. एकदा नवरोबा "अजून पाचच मिनिटं" करत एका शिंपल्यामागे राहिले आणि परतीची वाट कंबरभर पाण्यातून काढावी लागली. चपला गेल्या. शिंपलाही गेला.

*

सासूबाईंच्या बाजूने मी लिहिते, कारण मी स्वतः सासू आहे.

आम्हाला कोरड्या वाळूत चालवू नका. पाय रुततो, गुडघा बोलायला लागतो. ओहोटीनंतर पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते, तिथे काठीही रुतत नाही. आणि खुर्चीत बसवून सगळ्यांचे चष्मे-मोबाईल मांडीवर ठेवून पळून जाऊ नका!

त्या खुर्चीमुळे मला एक गोष्ट मात्र दिसली. आधी नुसतीच वाळू, त्यात बोट जाईल न जाईल अशी भोकं. दोन-तीन मिनिटं पाय हलवला नाही तर एकेका भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो. नांग्यांनी भराभर वाळू तोंडात भरतो, खाण्यासारखं असेल ते गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीहून जराशी मोठी गोळी करून मागे सारतो. बिळाभोवती गोळ्यांच्या रांगाच रांगा. सावली पडली की सगळे गडप. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारी नात माझ्या पायाशी श्वास रोखून एकाच खेकड्याच्या गोळ्या मोजत होती. १४० पर्यंत आली आणि तेवढ्यात तिचा भाऊ त्यावरूनच धावत गेला. पुढचं सांगत नाही.

*

किल्ला ढासळतो तो पाण्याच्या प्रमाणाने. आठ बादल्या वाळूला एक बादली पाणी, त्याच्या आसपास ठेवा. ओलाव्याचा पातळ थरच वाळूचे कण धरून ठेवतो. पाणी जास्त झालं की चिखल.

*

जरा गंभीर. दोन्हीकडे लाटा फुटून पांढरा फेस आणि मधेच एक शांत पट्टा, असं दिसलं तर मुलांना तीच जागा बरी वाटते. माझा भाचा तिथेच उतरला होता. किनाऱ्यावर आलेलं पाणी नेमकं तिथूनच जोरात आत परततं. तो सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहिला आणि दमला. जीवरक्षक ओरडून सांगत होता की तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर सरक. तसं केल्यावर सुटला. जीवरक्षक नसेल तिथे आम्ही आता घोट्याच्या वर पाण्यात जात नाही, कुणी भित्रे म्हटलं तरी. आणि वारा समुद्राकडे वाहत असेल तर फुगवायच्या रिंगा घरीच.

*

किनाऱ्यावर मेलेला जेलीफिश दिसला तरी काठीने ढोसायचा, हाताने नाही. मेल्यावरही डंख बसतो. अनुभव आहे.

*

आमची पंधरा वर्षांची कन्या चार दिवस कशालाच उठायला तयार नव्हती. शेवटी बाबांनी पैज लावली: एकाच संध्याकाळी सूर्य दोनदा मावळताना दाखवतो. वाळूत उताणं पडायचं, शेवटची कड उरेपर्यंत त्याच्याकडे थेट बघायचं नाही. कड बुडाली की ताडकन उभं राहायचं. डोळे उंचावर गेल्याने क्षितिज लांब सरकतं आणि ती कड पुन्हा दिसते, पाच-सहा सेकंद. आकाश क्षितिजापर्यंत स्वच्छ हवं, आमचं तिसऱ्या दिवशी जमलं. मग कन्येच्या डोक्यात आलं की उभ्याने बुडाला की जिना चढून गच्चीतून तिसऱ्यांदा बघू.

*

जमलं का तिसऱ्यांदा?

*

मिळतात जेमतेम दहा सेकंद आणि पायऱ्या सतरा. ती पोचली. बाबा तेराव्या पायरीवर होते.