गडचिरोलीला न जाता बंग दांपत्याकडून काय घ्यावे?

प्रश्न (हप्तेकरी): डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यसेवा आणि संशोधन करणाऱ्या संस्थेचे काम सुरू केले, हे वाचले की आदराच्या पाठोपाठ अपराधीपणाही वाटू लागतो. घरी वृद्ध आईवडील आहेत, गृहकर्जाचे हप्ते आहेत. सगळे सोडून जाणे मला जमणार नाही. मग प्रेरणा घ्यायची म्हणजे नेमके काय घ्यायचे?

वैनगंगाकाठ: आपले लक्ष त्यागावर खिळले आहे, मला त्यांची काम करण्याची रीत अधिक मोलाची वाटते. बालकाचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटभरातले श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या सुईणींना तर जेमतेम दहा-बारापर्यंतच मोजता येत असे. त्यांना अडाणी ठरवून बाजूला सारण्याऐवजी डॉ. बंग यांनी मण्यांचे एक साधे उपकरण तयार केले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि मिनिटभराच्या वाळूच्या घड्याळातली वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. तसेच गोंड लोकांना मोठ्या इमारतींची भीती वाटते हे कळल्यावर शोधग्राम या ‘सर्च’च्या वसाहतीतले दवाखाने त्यांच्या झोपड्यांच्या धर्तीवर बांधले आणि रुग्णालयाला त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले. (आपल्याकडे बहुधा लोकांना विचारण्याआधी कोनशिला बसते.)

माहेर आरमोरी: यात आरोग्यदूत, म्हणजे ‘सर्च’ने शिकवून तयार केलेल्या गावातल्याच बायका, राहून गेल्या. ३९ गावांत घरोघरी जाऊन बाळाला झोळीत घालून वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रसंगी इंजेक्शन देणे, हे सारे त्यांनी केले, आणि नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पासून देशभरातील ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांकडे हीच गृहभेटींची पद्धत आली. त्या बायकांपैकी कोणीही घर सोडले नव्हते. आपल्याच गावात, चूल-शेती सांभाळून, रात्री दार ठोठावले तरी उठायचे एवढे त्यांनी पत्करले होते.

हप्तेकरी: हे वाचून मोकळे वाटले. आमच्या गावच्या आशाताई रात्री उशिरापर्यंत नोंदवह्या भरत बसतात, असे आई सांगते, आणि माझे तर कामच संगणकावर तक्ते बनवण्याचे आहे. दिवाळीत त्यांच्यासाठी काही तयार करून नेतो.

वैनगंगाकाठ: तयार करून नेऊ नका. एक संध्याकाळ त्यांच्याशेजारी बसा आणि कोणत्या रकान्याशी अडते, ते त्यांनाच विचारा.