लॉनमधल्या लव्हाळ्यासाठी कोणतं तणनाशक? मदत हवी आहे

नेरूळला आमच्या सोसायटीचं हरळीचं लॉन आहे. पावसाळ्यापासून त्यात लव्हाळा नुसता माजलाय. उपटला की आठवड्यात पुन्हा हजर, गाठी जमिनीतच राहतात ना! माळीकाका ग्लायफोसेट मारू म्हणाले, मी हातच जोडले. तणासोबत लॉनही जळायचं. २,४-डी रुंद पानांच्या तणाला ठीक, पण त्याने लव्हाळा गाठीपासून जात नाही. गावाकडे उसात हॅलोसल्फ्युरॉन मारतात, हरळीला ते सोसतं म्हणे. लॉनवर कुणी वापरलंय का? पंपाला किती घेतलंत? मुलांना, कुत्र्यांना किती वेळ लांब ठेवलंत? शेजारीच तळमजल्यावरच्या काकूंचे टोमॅटो आहेत आणि संध्याकाळी खाडीचा वारा सुटतो, म्हणून पहाटेच फवारायचा विचार आहे.