दसऱ्याची डेडलाईन, झोप उडालीय, प्रोजेक्ट इंजिनिअर मंडळींची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी सिव्हिलचा, कागलच्या फाईव्ह स्टार एमआयडीसीत एका कारखान्याच्या एक्स्टेन्शनला प्रोजेक्ट इंजिनिअर आहे. नवीन शेड, आत मेझनाईनचा (शेडच्या आतल्या मधल्या मजल्याचा) स्लॅब आणि मशीन फाऊंडेशन असं काम आहे. मालकांना दसऱ्याला नव्या मशीनची पूजा करायचीय आणि त्यात वावगं काही नाही, खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं-मशीन पुजतातच. पण तारीख ठरली उन्हाळ्यात आणि तेव्हा पाऊस कुणी धरलाच नाही. कोल्हापूरचा पाऊस काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, खड्डा खणला की पाणी, पंप लावून उपसायचं, परत रात्रीत भरतंय, मग गणपतीत सेंट्रिंगवाले (स्लॅबखाली टेकू-फळ्या लावणारे) गावाला गेले ते लवकर आलेच नाहीत.

आता स्लॅब ओतून झालाय आणि वरून रोज एकच चाललंय, सेंट्रिंग खोला, खाली फॅब्रिकेशनवाल्यांना जागा द्या. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, स्पष्ट आहे, साडेचार मीटरच्या वर स्पॅन असला की स्लॅबखालचे टेकू १४ दिवस ठेवायचे, सहा मीटरवरच्या बीमला २१ दिवस, आणि तेही ओपीसी म्हणजे साध्या सिमेंटला. आमचं पीपीसी आहे, ते हळू ताकद धरतं, म्हणजे अजून थांबायला पाहिजे. मी हे सांगितलं की म्हणतात, बाकीच्या साईटवर सगळे काढतात, तुझंच पुस्तक वेगळं. उद्या त्याखाली माणसं काम करणारायत हो, त्यांचं काय?

रात्री अकराला व्हॉट्सअॅप ग्रुपवर "स्टेटस?" असा मेसेज पडला की छातीत धडधडतंय. झोप तीन वाजता उघडते ती उघडतेच, पत्र्यावर पाऊस वाजला की खड्डाच डोळ्यासमोर येतो. घरात चिडचिड वाढलीय, जेवण जात नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. टेकू काढणार नाही हे वरिष्ठांना कसं सांगायचं की हा काम अडवतोय असं वाटू नये? आणि हे डोक्यातलं चक्र रात्री थांबवायला तुम्ही नेमकं काय करता? राजीनामा दे असं कृपया सांगू नका, काम मला आवडतं.

प्रतिसाद १:
भावा, शिरोलीत बरीच वर्षं हेच केलंय म्हणून सांगतो. पूजा आणि काम पूर्ण होणं या दोन तारखा आधी वेगळ्या कर. पूजेला अख्खी शेड कशाला लागतीय, एक मशीन जागेवर बसलं तरी पुरे. मालकांना जाऊन विचार, मुहूर्त कुठल्या मशीनवर करायचा, आणि त्या एका फाऊंडेशनवर सगळी माणसं लाव. टेकूचा निर्णय तू एकट्यानं अंगावर घेऊ नकोस, स्ट्रक्चरल कन्सल्टंटला क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचे) रिझल्ट जोडून मेल टाक आणि सीसीत तुझ्या साहेबांना ठेव. "नाही" लिहू नकोस, "कन्सल्टंटची लेखी परवानगी आली की त्याच दिवशी खोलतो" असं लिही. आणि पावसानं काम बंद पडलेले दिवस हिंडरन्स रजिस्टरला चढवून क्लायंटची सही घे, मुदतवाढ मागताना तेच कामाला येतं.

प्रतिसाद २:
दादा, कामाचं वरच्यांनी सांगितलंच, मी तब्येतीचं बोलते. माझे मिस्टर पण साईटवर असतात आणि असंच झालेलं. संध्याकाळी सातला त्या दिवसाचं स्टेटस तुम्हीच ग्रुपवर टाका, उद्या काय होणार तेही लिहा, मग रात्री विचारायला काही उरत नाही, आमच्याकडं यानं खूप फरक पडला. पण छातीतली धडधड अंगावर काढू नका, आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. मन मोकळं करायचं असेल तर १४४१६ वर टेलिमानस आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं, रात्रीपण लागतो.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. लेआऊट काढून बघितला, मोठ्या मशीनचं फाऊंडेशन मेझनाईनच्या बाहेर आहे, म्हणजे टेकूला हात न लावता ते पुढं नेता येतंय, उद्याच मालकांशी बोलतो. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पण घेतलीय. फक्त एक सांगा, आमच्या साईटवर हिंडरन्स रजिस्टर ठेवलेलंच नाही, पण डीपीआरमध्ये, म्हणजे रोजच्या कामाच्या अहवालात, पावसाची नोंद आहे आणि ती क्लायंटला मेलवर गेलीय, मुदतवाढीला तेवढं चालेल का?